तीन महिने बीटाचा रस घेऊनही हिमोग्लोबिन का वाढलं नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, वजन ५० किलो, पूर्ण शाकाहार, दोन मुलं. तीन महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन ८.४ होतं. डॉक्टरांनी १०० मिलिग्रॅम लोहाची गोळी दिवसातून दोनदा दिली, पण मळमळ आणि बद्धकोष्ठता इतकी झाली की आठवड्याभरात ती बंद केलीत. तेव्हापासून रोज सकाळी बीट-गाजराचा रस, भिजवलेले दहा काळे मनुके, दोन खजूर, थोडं डाळिंब आणि दुपारी गूळ-शेंगदाणे. एवढं नेमाने करून परवाच्या तपासणीत ८.६. एमसीव्ही (तांबड्या रक्तपेशींचा आकार) ६८, आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या, दशलक्षांत) ३.९, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) ६. पाळी सात-आठ दिवस चालते आणि ‘जरा जास्तच’ जाते. गोळ्या नको आहेत, आयुर्वेदिक किंवा घरगुती उपाय हवा आहे. आणि तेरा वर्षांच्या मुलीलाही हाच रस सुरू करावा का, हेही विचारलंय.

मी आयुर्वेदाची वैद्य आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये ही तक्रार रोजची आहे. त्यामुळे ‘आयुर्वेदिक सांगा’ म्हणालात तर मला बरंच सांगता येईल. पण आधी हे ८.६ आलं कुठून ते पाहू. नाहीतर बीटाच्या जागी दुसरा रस सुरू होईल आणि आणखी तीन महिने जातील.

सगळ्यात आधी: हा त्रास तुम्ही नीट केलं नाहीत म्हणून टिकलेला नाही. तुम्ही नेम पाळलात. गणित मुळातच जुळणारं नव्हतं.

ते गणित मांडते. तुमच्या वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन ८.६ वरून १२ ला न्यायचं आणि शिवाय शरीरातला लोहाचा साठा भरायचा, तर सगळं मिळून साधारण ९०० मिलिग्रॅम लोह रक्तात पोचावं लागतं. त्यातलं चारशेच्या आसपास हिमोग्लोबिनसाठी आणि उरलेलं साठ्यासाठी. तुमचं फेरिटिन ६ आहे, म्हणजे साठा जवळजवळ रिकामा. आता तुमचा सकाळचा खुराक पाहा. शंभर ग्रॅम बीटात लोह असतं जेमतेम ०.८ मिलिग्रॅम. डाळिंबात त्याच्याही निम्म्याहून कमी. दहा काळ्या मनुक्यांचं वजनच मुळात पाच-सात ग्रॅम, त्यातून मिळून मिळणार किती? खजूर, गूळ धरून सगळं मिळून दोन-अडीच मिलिग्रॅम होईल. आणि वनस्पतींतलं लोह आपल्या जेवणातून पाच ते दहा टक्केच शोषलं जातं. शरीरात कमतरता असली की आतडी थोडं जास्त ओढून घेतात, म्हणून सढळ हाताने पंधरा टक्के धरू. तरी दिवसाला पाव-अर्धा मिलिग्रॅम. तीन महिन्यांचे पंचवीस-तीस मिलिग्रॅम.

दुसऱ्या बाजूला पाळी. साधारणपणे एका पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त मानतात. तुमची पाळी त्या ८० च्या घरात असेल, तर आजच्या हिमोग्लोबिनलाही प्रत्येक पाळीत वीस-बावीस मिलिग्रॅम लोह बाहेर पडतं. म्हणजे तीन महिन्यांच्या रसाने जे आणलं, ते जवळजवळ एका पाळीत गेलं. उरलेल्या दोन पाळ्यांचं रोजच्या जेवणातून कसंबसं भागलं. म्हणून ८.४ चं ८.६ झालं. एवढा फरक तर दोन लॅबमध्येही पडतो.

बीटाबद्दलचा समज त्याच्या रंगामुळे झालाय. रक्तासारखा लाल दिसतो एवढंच. सफरचंद कापलं की तपकिरी होतं ते त्यातल्या लोहामुळे, असंही ऐकवतात. ते फळातल्या एन्झाइममुळे आणि हवेमुळे होतं, लोहाचा संबंध नाही. गव्हांकुराच्या रसाचंही तसंच: त्यातलं हरितद्रव्य रचनेने हिमोग्लोबिनसारखं असतं हे खरं, पण हिमोग्लोबिनमध्ये जिथे लोह असतं तिथे हरितद्रव्यात मॅग्नेशियम असतं. त्याचं आपल्या शरीरात रक्त होत नाही. हे पदार्थ वाईट नाहीत, आवडीने खा. फक्त त्यांच्या भरवशावर ८.६ सोडू नका.

आता रिपोर्टकडे. एमसीव्ही ६८ म्हणजे रक्तपेशी लहान आहेत. पेशी लहान होण्याची आपल्याकडची दोन मोठी कारणं: लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिन कमी बनण्याचा सौम्य दोष. दुसऱ्या प्रकारात लोह देऊन काही उपयोग नसतो, साठा भरलेला असताना उगाच दिलं तर अपायही होतो. यातला फरक ओळखायला एक ढोबळ खूण वापरतात: एमसीव्हीला आरबीसीने भागायचं. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा. तुमचं १७ च्या वर येतं. शिवाय फेरिटिन ६. प्रौढांमध्ये १५ च्या खाली फेरिटिन असेल तर लोहाची कमतरता नक्की धरतात. तेव्हा तुमच्या बाबतीत निदान स्पष्ट आहे. पण हे वाचून दुसऱ्या कुणी थेट लोह सुरू करू नये. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत थॅलेसेमिया मायनरचं प्रमाण जास्त आहे, आणि विदर्भात, नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल हा हिमोग्लोबिनचाच आनुवंशिक आजार आहे. तिथे हिमोग्लोबिनची खास तपासणी आधी करावी लागते. फेरिटिनची आणखी एक गोम म्हणजे ताप, जंतुसंसर्ग किंवा सांध्यांची सूज चालू असेल तर ते खोटं वाढलेलं दिसतं. ‘फेरिटिन ४० आहे, म्हणजे लोह भरपूर’ असं अशा वेळी म्हणता येत नाही.

शाकाहारी माणसात मी बी-१२ सुद्धा पाहते. बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही एकत्र कमी असेल तर एमसीव्ही मधल्यामध्ये, अगदी नॉर्मल दिसू शकतं आणि नुसतं लोह देऊन हिमोग्लोबिन अर्ध्यातच अडकतं. तुमचं ६८ आहे म्हणजे लोहाचंच पारडं जड, तरी एकदा बी-१२ करून घ्या.

तपासणीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे रक्त जातंय कुठे? तुम्ही ‘जरा जास्तच’ असं लिहून पुढे गेलात. बायका हे असंच सांगतात, कारण आईचीही तशीच होती, बहिणीचीही तशीच आहे. माझे प्रश्न असे असतात: दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, रात्री उठावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का, त्या दिवसांत घराबाहेर पडायची धास्ती वाटते का. यातल्या एक-दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तर पोटाची सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ असेल किंवा थायरॉइड कमी असेल तर कितीही लोह ओता, ते महिन्याच्या महिन्याला वाहून जाणार. अशोकारिष्ट किंवा लोध्राची औषधं मी पाळीच्या तक्रारीत देते, पण आधी सोनोग्राफी पाहते. अंगावरून जास्त जाण्याचं कारण न शोधता दुकानातून अशोकारिष्टाची बाटली आणून सहा महिने घेत राहणं मला मान्य नाही.

पाळीशिवाय दुसऱ्या वाटाही विचारते. मूळव्याधीतून रक्त पडतं का? बऱ्याच जणी हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या वरचेवर घेता का? त्यांनी पोटातून हळूहळू रक्त जाऊ शकतं. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोलची गोळी आहे का? पोटातलं आम्ल कमी झालं की लोहाचं शोषणही घटतं. ही गोळी लोक वर्षानुवर्षं, कुणी बंद करायला सांगितलं नाही म्हणून घेत राहतात. शेतात अनवाणी काम असेल तर हुकवर्म हे मोठं कारण, कारण तो जंत आतड्याला चिकटून रक्तच पितो. आणि कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती किंवा बर्फ खावासा वाटतो का, हेही मी विचारतेच. ही सवय लोह कमी असल्याची खूण आहे, रागावण्याची गोष्ट नाही. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात पांडुरोगाचे, म्हणजे रक्तक्षयाचे, पाच प्रकार सांगितलेत. त्यातला पाचवा माती खाण्याने होणारा. इतक्या जुन्या काळी हा संबंध वैद्यांच्या नजरेला आला होता.

वाचणाऱ्यांत कुणी पुरुष असतील, किंवा पाळी गेलेल्या बायका, तर त्यांच्यासाठी ठळकपणे सांगते. तुमच्यात लोहाची कमतरता निघाली तर पोट आणि आतड्यातून रक्त जात नाही ना, याची तपासणी झाल्याशिवाय नुसतं लोह घेऊन गप्प बसू नका. तिथे अल्सर किंवा कॅन्सरही असू शकतो आणि लोहाने हिमोग्लोबिन वाढलं की तो आणखी काही महिने लपून राहतो.

आता औषध. ‘आयुर्वेदिक हवं, लोहाची गोळी नको’ असं मला रोज कुणीतरी सांगतं. पण आयुर्वेदाने पांडुरोगात वर्षानुवर्षं दिलंय ते लोहच. त्याच सोळाव्या अध्यायात नवायस चूर्ण आहे: त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), त्रिफळा (हिरडा, बेहडा, आवळा), नागरमोथा, वावडिंग, चित्रक ही नऊ द्रव्यं प्रत्येकी एक भाग आणि त्यात नऊ भाग लोह. म्हणजे अर्धं औषध लोह. पुनर्नवा मंडूर तिथलंच, त्यातलं मंडूर हेही लोहाचंच रूप. धात्री लोहात आवळ्याबरोबर लोहभस्म. जुन्या वैद्यांनी नुसत्या पाल्या-मुळ्यांवर पांडू बरा करायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी धातू दिला आणि त्याच्या जोडीला अग्नी सुधारणारी, जंत मारणारी, पोट साफ ठेवणारी द्रव्यं दिली. वावडिंग तिथे उगाच नाही. हा विचार मला आजही पटतो: लोह द्यायचं, ते पचेल असं द्यायचं आणि मूळ कारणाला हात घालायचा.

मग मी तुम्हाला नवायस किंवा धात्री लोह लिहून देईन का? ते हिमोग्लोबिन किती आहे यावर ठरतं. दहाच्या वर असेल, घाई नसेल, गर्भारपण नसेल, तर मी मंडूर किंवा लोहाचे कल्प, म्हणजे तयार औषधं, वापरते आणि सहा-आठ आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण तपासणी), फेरिटिन पुन्हा करते. वाढत असेल तर पुढे चालू, नसेल तर बदल. ८.६ ला, साठा रिकामा असताना आणि पाळी जास्त जात असताना मी लोहाच्या गोळीला पर्याय देत नाही. इथे वेगही लागतो आणि मोजलेली मात्राही. भस्मातलं लोह किती शोषलं जाईल याचा अंदाज गोळीइतका नेमका करता येत नाही. माझ्या शास्त्रावर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्याच्याकडून नको ते काम करून घ्यावंसं वाटत नाही.

भस्मांबद्दल एक सावधगिरी. परवाना क्रमांक, बॅच नंबर नसलेली पुडी, जत्रेतल्या किंवा ओळखीच्या ‘बाबां’कडची गोळी घेऊ नका. नीट न बनवलेल्या भस्मात शिसं असू शकतं, आणि शिसं शरीरात रक्त तयार होण्याचीच क्रिया बिघडवतं. रक्तवाढीचं म्हणून घेतलेलं औषधच रक्त कमी करत राहतं. शिवाय गोळी चालू असताना लोहाचे कल्प मनाने जोडू नका. दोन्ही लोहच आहेत, मात्रा कुणीतरी एकत्र मोजायला हवी.

तुम्हाला गोळी सोसली नाही याचं मला नवल वाटत नाही. १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ही मात्रा पुष्कळांच्या पोटाला जड जाते. न शोषलेलं लोह आतड्यात राहतं आणि त्यानेच मळमळ, बद्धकोष्ठता, काळी शी होते. इथे गेल्या काही वर्षांतलं संशोधन तुमच्या बाजूचं आहे. लोहाचा मोठा डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते पुढचा जवळजवळ एक दिवस आतड्याचं दार आवळून धरतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या बंद दारावर जाते. झुरिकमध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज गोळी घेणाऱ्यांपेक्षा एक दिवसाआड घेणाऱ्यांच्या पोटात प्रत्येक गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं गेलं. मोठा डोस दोन भागांत विभागून दिवसातून दोनदा देण्यानेही फायदा दिसला नाही.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना असं विचारा: ६० किंवा १०० मिलिग्रॅमची एकच गोळी, एक दिवसाआड, चालेल का? ८.६ ला काही डॉक्टर सुरुवातीला रोज एक घ्यायला सांगतील, तेही चुकीचं नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. मळमळ झालीच तर रात्री झोपताना, थोडं काही खाऊन घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण गोळी चालू राहील हे महत्त्वाचं. चहाबरोबर तर कधीच नाही. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. फेरस फ्युमरेट सोसलं नाही तर ॲस्कॉर्बेट, तेही नाही तर बिसग्लायसिनेट असा प्रकार बदलून पाहता येतो. शी काळी होणार, घाबरू नका. पण लोह घेत नसताना डांबरासारखी काळी, चिकट आणि दुर्गंधी शी झाली तर ते रक्त असतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बद्धकोष्ठतेसाठी माझा वापरातला उपाय: रात्री कोमट पाण्याबरोबर अर्धा ते एक चमचा त्रिफळा चूर्ण. पण ते गोळीच्या वेळेपासून लांब, कारण हिरडा-बेहड्यातली तुरट द्रव्यं लोहाला बांधून ठेवतात. मनुके इथे खरे उपयोगी आहेत. लोहासाठी नव्हे, पोट साफ होण्यासाठी. ते चालू ठेवा.

हे नीट लागू पडलं तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी वाढायला हवं. १२ झालं म्हणून गोळी लगेच बंद करायची नाही. पुढे किमान तीन महिने साठ्यासाठी घ्यायची. ९०० मिलिग्रॅमचं गणित आठवा, दर गोळीतून शरीराला दहा-बारा मिलिग्रॅम मिळतात. म्हणजे हा पाच-सहा महिन्यांचा मामला आहे. माझ्याकडे परत परत ‘कमी झालंय’ म्हणून येणाऱ्या बायकांमध्ये मला हेच सगळ्यात जास्त दिसतं: हिमोग्लोबिन बरं झालं, थकवा गेला, गोळी सुटली, साठा रिकामाच राहिला. आणि महिनाभर नेमाने घेऊनही एक अंकसुद्धा वाढलं नाही, तर निदान, शोषण आणि रक्तस्राव या तिन्हींचा पुन्हा विचार करायचा. गहू न पचणारा सीलिएक हा आजार किंवा पोटातला एच. पायलोरी जंतूही मग पाहावा लागतो. अशा वेळी शिरेतून लोह देण्याची सोय आहे आणि ती आता पूर्वीपेक्षा बरीच सुरक्षित झाली आहे, तिला भिऊ नका.

मग आहाराचं काय? आहार म्हणजे महिन्याचा घरखर्च आणि तुमच्यावर आहे ती मागची उधारी. उधारी गोळीने फेडायची, पण ती पुन्हा चढू नये म्हणून घरखर्च रोजच्या रोज भागायला हवा. इथे स्वयंपाकघराचं काम फार मोठं आहे, आणि ते सकाळच्या रसाने होत नाही.

सकाळचे कांदेपोहेच घ्या. पोह्यांत तांदळापेक्षा लोह कितीतरी जास्त असतं, शंभर ग्रॅमला चार-साडेचार मिलिग्रॅम. वर लिंबू पिळतो, कोथिंबीर घालतो. लोह शोषून घ्यायला याहून चांगली जोडी नाही, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व वनस्पतींतल्या लोहाचं रूप बदलून ते आतड्याला घेण्याजोगं करतं. आणि मग बशीशेजारी चहाचा कप ठेवतो. चहातल्या टॅनिनमुळे त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून कमी होऊ शकतं. कॉफीचं थोडं कमी, पण तसंच. चहा सोडा असं मी कुणालाही सांगत नाही, कोणी सोडत नाही. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर दीड-दोन तास घेऊ नका, एवढंच सांगते. पोहे आठला, चहा दहाला. दुसरा काही बदल न करता एवढा एकच करा म्हटलं, तर मी हा निवडेन.

क जीवनसत्त्व उष्णतेने मरतं, म्हणून लिंबू पातेल्यात नव्हे, ताटात पिळा. पेरूची फोड जेवणाबरोबर खा. पेरूत संत्र्याच्या काही पट क जीवनसत्त्व असतं आणि तो आपल्याकडे स्वस्त मिळतो. हिवाळ्यात आवळा किसून कोशिंबिरीत घाला. मोरावळ्यापेक्षा कच्चा आवळा बरा.

लोह खरं भरलेलं असतं ते आपल्या जुन्या धान्या-कडधान्यांत. बाजरीत शंभर ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या पुढे, कुळीथ आणि मटकीत आठच्या आसपास. तीळ, कारळे, राजगिरा, माठ, शेवग्याचा पाला हे सगळे चांगले. बाजरीची भाकरी, कुळथाचं पिठलं, माठाची भाजी आणि कारळ्याची चटणी या ताटापुढे बीटाचा रस कुठेच लागत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर ‘धनशक्ती’ नावाचं जास्त लोहाचं बाजरीचं वाण काढलंय. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी रोज देऊन पाहिली, तेव्हा काही महिन्यांत त्यांचा लोहाचा साठा सुधारलेला दिसला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. वाण मिळालं नाही तरी नेहमीची बाजरी चालते.

धान्या-कडधान्यांत फायटेट नावाचं द्रव्य असतं आणि ते लोह अडवून ठेवतं. मोड आणल्याने, भिजवल्याने, आंबवल्याने ते कमी होतं. म्हणून मोडाची मटकी, आंबवलेली नाचणी, इडली-आंबोळी यांना मी नेहमी झुकतं माप देते. पालकात लोह आहे, पण त्यातल्याच ऑक्झलेट आणि पॉलिफेनॉल या द्रव्यांमुळे हाती फारसं लागत नाही. त्यापेक्षा माठ, शेपू, मेथी, अंबाडी आलटून पालटून करा.

अळिवाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेलच. अळिवात लोह आहे हे खरं. जुन्या तक्त्यांत त्याचा आकडा शंभर ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम असा दिलाय आणि तोच सगळीकडे फिरतो. पण शंभर ग्रॅम अळीव कुणी खात नाही. एका लाडवात चमचाभर येतं, म्हणजे चार-पाच ग्रॅम. तेव्हा लाडू जरूर खा, ओल्या नारळातला. फक्त तो औषध समजू नका. आणि अळिवाची दुधातली खीर लोहासाठी म्हणून करू नका, दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं. गर्भारपणात अळीव टाळायची आपल्याकडची पद्धत आहे, मीही टाळायलाच सांगते.

लोखंडी कढई माळ्यावर असेल तर काढा. आंबट पदार्थ, म्हणजे टोमॅटोची भाजी, आमसूल घातलेली आमटी, लोखंडात शिजवली की भांड्यातलं लोह पदार्थात उतरतं. जितका वेळ शिजेल तितकं जास्त. भाजी काळपट दिसते म्हणून घरोघरी नॉनस्टिक आलं, पण तो काळपटपणा हाच फायदा होता. शिजल्यावर पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढा, रात्रभर कढईत ठेवू नका.

घरात मांसाहार चालत असेल त्यांना वेगळं सांगते. मटण, कलेजी, सुकट, तिसऱ्या यांतलं लोह काही पटीने सहज शोषलं जातं, शिवाय त्याच ताटातल्या डाळीतलं लोहही जास्त मिळतं. अंड्याचा लोहासाठी मात्र फार उपयोग नाही. तुम्ही शाकाहारी आहात, त्यात बदल करायची गरज नाही. फक्त लिंबू, मोड आणि चहाची वेळ यांत ढिलाई नको.

आता कुठे थांबायचं ते. बसल्याजागी धाप लागली, छातीत सतत धडधडलं, चक्कर येऊन पडलात, हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं किंवा दिवस राहिले, तर हे घरी सांभाळत बसू नका. गर्भारपणातली मात्रा आणि निकड दोन्ही वेगळी.

आणि तुमच्या लेकीबद्दल. तिला रस देण्याआधी तिचं सीबीसी आणि फेरिटिन करा. तेराव्या वर्षी उंची वाढत असते, पाळी नुकतीच सुरू झालेली असते, दोन्हीकडून लोहाची मागणी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यातल्या कित्येकींची सुरुवात याच वयात झालेली असणार. शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. बरेच पालक ‘पोट दुखतं’ म्हणून ती न घ्यायला सांगतात. तिला घेऊ द्या, फक्त उपाशीपोटी न घेता डबा खाऊन घ्यायला सांगा. शाळेत किंवा अंगणवाडीत जंताची गोळी देतात तीही चुकवू नका. सकाळी रसाऐवजी तिला लिंबू पिळलेले पोहे किंवा मोडाची उसळ द्या आणि मधल्या सुट्टीत पेरू. अळिवाचा लाडू तिला आवडत असेल तर तोही द्या.

तुमची सोनोग्राफी आणि बी-१२ झालं की आकडे मला इथेच कळवा, पाळीच्या त्या चार प्रश्नांच्या उत्तरांसह. अशोकारिष्ट किंवा दुसरं काही द्यायचं का, ते मी त्यानंतरच सांगेन.